जिन्याखालच्या बॅटऱ्या आणि ६३ चा एमसीबी

ए-१०१ (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी. सोलर इन्व्हर्टरचा एमसीबी (जास्त करंट झाला की आपोआप पडणारा स्विच) काल परत पडला. लाईट गेल्यावर पंप लावला की अर्ध्या-पाऊण तासात पडतोच. इलेक्ट्रिशियन म्हणतोय ३२ अँपियरचा काढून ६३ चा टाकतो, उद्या सकाळी येतोय. कुणाची हरकत?

सी-२०३: टाकून घ्या, पाण्याची बोंब नको

बी-५०२: काका प्लीज उद्या टाकू देऊ नका. मी रोज पॅनल वायरिंगचंच काम करते म्हणून सांगते. एमसीबीचा जवळून फोटो टाका आणि बॅटरीच्या वायरवर काय छापलंय तेही बघा.

ए-१०१ (सेक्रेटरी): वायरवर १० स्क्वेअर एमएम आहे ताई. एमसीबीवर सी ३२, खाली २४०/४१५ आणि पुढे नागमोडी रेघ.

बी-५०२: हेच वाटलं होतं. पंप आणि दिवे मिळून दीड हजार वॅट धरा, इन्व्हर्टरचं नुकसान धरून साडेसतराशे, बॅटऱ्या उतरून ४६ व्होल्टला आल्या की झाले ३८ अँपियर, मग ३२ चा हळूहळू तापून पडणारच, तो त्याचं काम करतोय. पण १० स्क्वेअरची वायर पाईपात ५० च्या आसपासच झेपते, तिच्यावर ६३ चा बसवला तर वायर आधी जळेल आणि एमसीबी नंतर पडेल. एमसीबी पंपासाठी नसतो काका, वायरसाठी असतो.

बी-५०२: आणि ती नागमोडी रेघ म्हणजे एसी, घरातला दिशा बदलणारा करंट. बॅटरीचा असतो डीसी, एकाच दिशेने वाहणारा. एसीमध्ये करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून आतली ठिणगी विझते, डीसीमध्ये तो शून्यावर येतच नाही, ठिणगी ताणली जाऊन जळतच राहते. कंपनीने डीसीचा आकडा दिलेला नसेल तर त्या एमसीबीवर भरवसा नको.

सी-२०३: ४८ व्होल्टच तर आहेत ताई, हात लावला तरी फार काही होत नाही

बी-५०२: दादा शॉकचा प्रश्नच नाही. चार १५० एएचच्या बॅटऱ्या शॉर्ट झाल्या तर हजार-दोन हजार अँपियर सहज सोडतात. माहेरी शेतावरच्या खोलीत उंदराने बॅटरीच्या दोन्ही वायरी कुरतडल्या, १२ व्होल्टचीच बॅटरी होती, वायर लालभडक, वरचं प्लास्टिक वितळून जमिनीवर थेंब पडत होते. बाबांनी मेन स्विच बंद केला, सोलर पॅनलचा स्विच पाडला, तरी थांबेना, कारण करंट बॅटरीतूनच येत होता आणि तिला बंद करायला काहीच नव्हतं. शेवटी भावाने लाकडी दांड्याच्या कुऱ्हाडीने वायर तोडली. आईच्या हातापायातलं बळच गेलं होतं. त्या दिवसापासून मी फ्यूजशिवायची बॅटरी बघूच शकत नाही.

ए-३०४: बापरे 😟 आपल्याकडे एमसीबी इन्व्हर्टरपाशी आहे आणि बॅटऱ्या पलीकडे, मधे दहा-बारा फूट वायर

बी-५०२: बरोब्बर बघितलंत मावशी, त्या बारा फुटांना आज कुणीच वाली नाही. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून हातभराच्या आत हवा, फक्त बॅटऱ्यांच्या डोक्यावर नको, चार्जिंगला हायड्रोजन निघतो, बाजूच्या भिंतीवर घ्या.

ए-१०१ (सेक्रेटरी): मग नक्की काय आणायला सांगू?

बी-५०२: इन्व्हर्टर २४०० वॅटचा आहे, पूर्ण लोडला आणि बॅटरी ४३ व्होल्टपर्यंत उतरली तर नुकसान धरून ६६ अँपियर ओढेल, सव्वापट धरा, ८० च्या वर जातं. म्हणून ३५ स्क्वेअरची कॉपर वायर आणि १०० अँपियरचा डीसी एचआरसी फ्यूज (शॉर्टचा मोठा करंटसुद्धा न फुटता तोडणारा). आधी वायर, मग फ्यूज, उलटं नाही. फ्यूजवर डीसी व्होल्ट बघून घ्या, आपल्या चार बॅटऱ्या मिळून चार्जिंगला ५७-५८ व्होल्टला जातात आणि गाडीतले फ्यूज बहुतेक ३२ व्होल्टचे असतात, ते चालणार नाहीत. वायरच्या टोकाला लग (तांब्याची टोपी) क्रिंप करूनच, म्हणजे मशीनने दाबूनच घ्या, नुसती पिळून नट आवळलेली वायर तिथेच तापते.

डी-४०१: गच्चीवरच्या पॅनलला पण लागेल का फ्यूज?

बी-५०२: आपल्या दोनच स्ट्रिंग (एकापुढे एक जोडलेल्या पॅनलच्या रांगा) आहेत, तीन किंवा जास्त पॅरलल असत्या तर प्रत्येकीला लागला असता. पॅनल शॉर्ट झालं तरी नेहमीपेक्षा थोडाच जास्त करंट देतं, खरा धोका बॅटरीकडूनच.

सी-२०३: ताई मी घाईत टाकून घ्या म्हणालो, मागे घेतो. उद्या इलेक्ट्रिशियन आला की तुम्ही खाली याल का?

बी-५०२: साडेआठपर्यंत आहे, येते. तोपर्यंत पंप इन्व्हर्टरवर लावू नका.

ए-१०१ (सेक्रेटरी): पंपाची पिन आत्ताच काढून ठेवली. आज रात्री लाईट गेली तर टाकीत आहे तेवढंच पाणी, सगळ्यांनी बादल्या भरून ठेवा.