कटच नाहीत, मग संकलनावर लिहू काय?

तृतीयवर्ष:
मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे. सोमवारी चाइल्डिश गॅम्बिनोच्या 'धिस इज अमेरिका'च्या व्हिडिओवर टिपण द्यायचंय: कथन, संकलन, प्रतिनिधित्व. वहीत प्रत्येक कटला एक रेघ मारत बसले. चार मिनिटांत इतक्या कमी रेघा आल्या की वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. गोष्ट म्हणावी तर तीही नाही. माणूस गोदामात नाचतो, मध्येच गोळी घालतो, परत नाचतो. पानभर लिहू काय?

रीळवाला:
अगं, रेघा कमी आल्या हेच लिही की! मी बारा वर्षं लग्नाचे आणि अल्बमच्या गाण्यांचे व्हिडिओ कापतोय. गिऱ्हाईक शेजारी बसून सांगतं, प्रत्येक ठेक्यावर कट पाहिजे. (नाचणाऱ्याला नाचता येत नसलं की आम्हालाही ते बरंच पडतं.) या व्हिडिओचा दिग्दर्शक हिरो मुराई, त्याने 2018 साली उलटं केलं. गोळी सुटली की एरवी आपण पुढच्या शॉटवर उडी मारतो आणि सुटतो. इथे गिटारवाल्याच्या डोक्यात मागून गोळी जाते, आणि मारणारा त्याच शॉटमध्ये पुढे चालत येतो. कॅमेरा त्याच्याबरोबर निघतो, मागे वळून बघत नाही. आपल्यालाही जावं लागतं.

आता कान दे. गोळीच्या क्षणी तो गोड कोरस तुटतो आणि खालून जड बेस येतो. कट तिथे आहे, चित्रात नाही. त्याला रेघ मारलीस का?

आणखी एक कर. स्क्रीनच्या मधोमध उभी चिकटपट्टी लाव, डोनाल्ड ग्लोव्हर (म्हणजे गॅम्बिनोच, हे त्याचं खरं नाव) झाकला जाईल एवढी. मग फक्त मागचं बघ. पट्टी कागदी घे, खोक्यांची खाकी नको. डिंक निघत नाही.

खिडकीजवळ:
गोळी झाडतानाची ती वाकडी पोझ जिम क्रो या काळ्यांची टिंगल करणाऱ्या सोंगाच्या जुन्या चित्रांशी जुळते, हे अनेकांनी दाखवलंय. एकोणिसाव्या शतकात गोरे नट तोंडाला काळं फासून ते सोंग आणायचे. व्हिडिओत पुढे गायकवृंदावर गोळीबार होतो, तो पाहून 2015चं अमेरिकेतल्या चार्ल्सटनचं काळ्यांचं चर्च आठवतं, तिथे नऊ जण मारले गेले. पण मला एक खटकतं. यात गोळ्या खाऊन पडतात ते सगळे काळेच, आणि ते आपण यूट्यूबवर मागे-पुढे करून बघतो. टिपणात हेही येऊ दे.

रीळवाला:
खटकायलाच हवं. पण शेरी सिल्व्हरने बसवलेला नाच बघ. गणवेशातली पोरं, त्यात दक्षिण आफ्रिकेतला ग्वारा ग्वारा हा नाच. पाय असे हलतात की मागचं कोणी बघतच नाही. सापळा आहे तो, आणि आपण त्यात नाचत जातो.

तृतीयवर्ष:
पट्टी लावली. पाच वेळा बघूनही पांढरा घोडा दिसला नव्हता मला!! वर कठड्यापाशी पोरं तोंड झाकून मोबाइल धरून बसलीत. मग पट्टी काढून बंदुकीचा शॉट पुन्हा बघितला. बंदूक लाल फडक्यात अलगद घेतात, आणि माणसाला फरफटत नेतात. कथनात हेच पहिलं वाक्य टाकलंय.

दादा, घरात खाकीच होती. डिंक कशाने काढता?

रीळवाला:
खोबरेल. फडक्यावर थेंबभर, थेट स्क्रीनवर नको.