जुन्या विंचेस्टर रायफलसाठी स्वस्तातला जुना स्कोप: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझ्या अमेरिकन सासऱ्यांकडून मला १९५५ च्या सुमाराची विंचेस्टर मॉडेल ७० (.३०-०६ काडतुसाची) रायफल मिळाली असून १५ नोव्हेंबरला मिशिगनमध्ये हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी तिच्यावर त्याच काळातला स्कोप (नेम धरायची दुर्बीण) बसवण्याची माझी इच्छा आहे. नवा काळाकुळकुळीत स्कोप तिला मुळीच शोभणार नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

टेक्सासमधल्या एल पासोच्या कारखान्यात तयार झालेला, पोलादी नळीचा, चारपट मोठे दाखवणारा वीव्हर के-४ हा स्कोप माझ्या मनात आहे. त्याची नळी एक इंचाची असल्याने आजच्या रिंगाही (स्कोप रायफलवर धरून ठेवणारी कडी) चालतात. लायमन अलास्कन हा दुसरा स्कोपही आवडतो, परंतु त्याच्या ७/८ इंची नळीसाठी वेगळ्या रिंगा शोधाव्या लागतील.

सुरुवातीच्या के-४ मध्ये नेम जुळवताना भिंगातली नेमाची फुली मध्यापासून बाजूला सरकलेली दिसते; प्रत्यक्ष शिकारीत त्याचा त्रास होतो का? भिंगावरची धूसरता साध्या पुसण्याने जाणारी आहे की आतली, हे केवळ छायाचित्रांवरून कसे ओळखावे? शंभर डॉलरांच्या आत, बंदुकांच्या प्रदर्शनात शोधणे बरे की जुन्या दुरुस्तीवाल्यांकडे, याविषयी अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.