शब्दचर्चा : पोत, ओवणे आणि एकाआड एक मणी

सुई_नंबर_१२

चाळिशी उलटल्यावर मणीकाम शिकायला घेतलंय. पुस्तक इंग्रजीत, चित्रं भरपूर. अडचण वेगळीच आहे. संध्याकाळी शेजारच्या काकू येऊन बसतात. त्यांची मातृभाषा तेलुगू, मराठी माझ्याइतकीच चांगली. इंग्रजी वाचता येत नाही, पण हात माझ्यापेक्षा कितीतरी वळणाचा. म्हणजे मी वाचून सांगायचं आणि काकूंनी करायचं. आणि सांगताना माझी गाडी दर ओळीला अडते.

पहिल्याच दिवशी ‘सीड बीड’ आलं. मी म्हटलं, “बियांसारखे मणी लागतील.” काकू घरी जाऊन तुळशीची माळ आणि दोन रुद्राक्ष घेऊन आल्या! पुस्तकाला हवेत ते काचेचे, मोहरीएवढे मणी. याला आपल्याकडे शब्द असणारच. आणखी तीन शब्द हवेत : एक, नुसतं माळेसारखं ओवणं आणि सुई फिरवून मण्यांची पट्टी तयार करणं, या दोन्हींसाठी वेगळी क्रियापदं. दोन, सुरुवातीला मणी सुटू नयेत म्हणून अडकवतात तो ‘स्टॉपर’ मणी. तीन, ‘पेयोटी’ नावाचा टाका.

फणेरपेटी

पहिल्याचं उत्तर तुमच्या गळ्यातच असेल. पोत! काळी पोत बारीक काचमण्यांचीच असते.

फक्त लिंग सांभाळा, कारण सोलापुरात या शब्दाचे तीन अर्थ एकाच घरात नांदतात. चादरीचा पोत, म्हणजे हाताला लागणारी वीण, तो पुल्लिंगी. तुळजापूरच्या देवीपुढे गोंधळी पेटवतात तोही पोत पुल्लिंगीच. गळ्यातली मात्र ती पोत. ‘पोत पेटवला’ म्हटलं की कुणी दचकत नाही, ‘पोत पेटवली’ म्हणून बघा.

काठावरचा

पोत म्हणजे ओवलेली माळ. सुट्या मण्याला पोत कसं म्हणणार? पोतीचे मणी म्हणा हवं तर.

फणेरपेटी

आमच्या घरी दोन्ही चालायचं, पण मान्य. सुट्याला ‘पोतीचे मणी’ म्हटलं की घोटाळाच नको. ‘बीजमणी’ वगैरे नवं घडवू नका, परत रुद्राक्ष येतील.

जाता जाता : मण्याच्या भोकाला आजी ‘वेज’ म्हणायची. कानाचं वेज, मोत्याचं वेज. आता हॉटेलच्या पाटीमुळे तो शब्द कामातून गेला. सुईच्या भोकाला मात्र ‘नेढं’, ते कुणी पळवलेलं नाही.

सुई_नंबर_१२

काकूंना ‘पोतीचे मणी’ म्हटल्याबरोबर कळलं. “नल्लपूसलु,” म्हणाल्या. तेलुगूत मणी म्हणजे पूस, आणि काळे मणी म्हणजे मंगळसूत्रातले. आता रंग निळा असला तरी आमच्यात ते नल्लपूसलुच म्हणायचं ठरलंय.

एक उपप्रश्न. पुस्तकात ११ नंबरचे मणी घ्या म्हटलंय. मी नव्या पेठेतून ८ चे आणले, आकडा लहान म्हणजे मणी लहान समजून. ते चांगले तीन मिलिमीटरचे निघाले. हे उलटं का?

पूर्वभागकर

ताई, सोलापूरकर असून हे विचारायलात? सुताचा काउंट आठवा. २० च्या सुतापेक्षा ४० चं बारीक. एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लड्या बसतात, तो काउंट. सूत जितकं बारीक तितक्या लड्या जास्त, म्हणून आकडा मोठा. मण्यांचं गणित लडीवर चालत नाही, पण दिशा तीच : ११ चा साधारण दोन मिलिमीटर, १५ चा त्याहून बारीक, ८ आणि ६ ठसठशीत. मणीकामाच्या सुईचंही तसंच, १० पेक्षा १२ बारीक. तुमचं नाव वाचून वाटलं होतं की हे माहीत असेल!

आमच्या घरी माग होते, म्हणून आणखी एक. दोऱ्याच्या ‘टेन्शन’ला पुस्तकी शब्द शोधत बसू नका. ताण. ताण ढिला पडला की कापड झोळ खातं, मण्यांचंही तेच होणार.

काठावरचा

आता क्रियापदं. यात मजा आहे.

‘ओवणे’ म्हणजे दोरा भोकातून पार जाणं. सुई ओवतात, मणी ओवतात. ‘गुंफणे’त भोक लागत नाही, दोरा किंवा देठ एकमेकांभोवती फिरतात. गजरा गुंफतात, वेणी गुंफतात. आणि ‘गाठवणे’ म्हणजे ओवून, गाठी मारून, गोंडे लावून दागिना पुरा करणं. मंगळसूत्र गाठवून आणतात, ते काम पटवेकऱ्याचं. ‘मंगळसूत्र ओवून आणलं’ कुणी म्हणत नाही.

तुमच्या पुस्तकातलं काम या तिन्हींत बसत नाही. दोरा मण्यातून जातो, म्हणून ओवणं. पण तोच दोरा परत फिरून आधीच्या ओळीत शिरतो आणि सपाट पट्टी होते. माझ्या मते ते ‘विणणे’. आणि म्हणून ‘टाका’ हा शब्द मला खटकतो. टाका पडायला कापड लागतं. इथे कापडच मण्यांचं आहे. ‘वीण’ म्हणा.

फणेरपेटी

विणणं पटलं. पण रुखवतातल्या महिरपी, तोरणं, मोत्यांचे रुमाल करणाऱ्या बायका ‘मोत्याचं विणलं’ म्हणत नाहीत, ‘मोत्याचं केलं’ म्हणतात. सगळ्या क्रियापदांची आई ती.

सुई_नंबर_१२

काकूंकडून भर : तेलुगूत मणी ‘गुच्चतात’, म्हणजे टोचून ओवतात. आणि त्यांच्या कन्नड जाऊबाई ‘पोणिसु’ म्हणतात. आमच्या गॅलरीत आता एकाच मण्याला तीन क्रियापदं आहेत आणि तो अजून दोऱ्यात गेलेला नाही.

स्टॉपरला मी ‘मेरुमणी’ म्हणू का? जपमाळेत तिथेच थांबतात ना?

काठावरचा

नको. मेरुमणी माळेत कायमचा असतो, १०८ मण्यांपेक्षा वेगळा, मानाचा. जप करताना तो ओलांडत नाहीत, तिथून माळ उलटी फिरवतात. तुमचा मणी वीतभर दोरा सोडून दोनदा सुई फिरवून अडकवायचा आणि काम झालं की काढून टाकायचा. त्याला कसला मेरू?

पूर्वभागकर

आडकाठी म्हणतो तसा ‘आडमणी’.

फणेरपेटी

आडमणी झकास! कोशात नसला तरी चालेल.

सुई_नंबर_१२

घेतला. आता पेयोटी. तो एका निवडुंगाचा शब्द आहे. अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या धार्मिक विधींतल्या वस्तू या विणीने मढवत, म्हणून विणीला ते नाव. मराठीत निवडुंग वीण म्हटलं तर काकू हात लावणार नाहीत.

कृती अशी : आठ मणी ओवायचे. मग एक मणी घ्यायचा, एक सोडायचा, पुढच्यातून सुई काढायची. परत एक घ्यायचा, एक सोडायचा. पहिल्या आठातले निम्मे वर उचलले जातात, निम्मे खाली राहतात, आणि ओळी विटांसारख्या सरकून बसतात.

काठावरचा

तुम्हीच सांगितलंत की. ‘एकाआड एक’.

पूर्वभागकर

विटा दिसतात म्हणून वीटवीण म्हणावं का?

सुई_नंबर_१२

नाही, पुस्तकात पुढच्याच प्रकरणात खरी ‘ब्रिक’ वीण आहे. दिसायला जवळजवळ हीच, पण त्यात सुई मण्यातून नाही, दोन मण्यांमधल्या दोऱ्याखालून जाते. ते नाव तिच्यासाठी राखून ठेवू.

काल ‘एकाआड एक’ म्हणून सांगितलं. पहिल्या तीन ओळी पिळून जिलबी झाली. पुस्तकात लिहिलंय की तसं होतंच, पण काकू पुस्तकाला विचारत नाहीत. त्यांनी माझ्या हातातून काम घेतलं, आडमणी बोटात धरून दोरा ओढला, पट्टी सपाट झाली. “ताण,” एवढंच म्हणाल्या.

पुढची ओळ गोल विणीची आहे. फेरी संपली की पुढची सुरू करण्याआधी त्याच फेरीतल्या पहिल्या मण्यातून सुई वर काढायची. इंग्रजीत त्याला ‘स्टेप अप’ म्हणतात. ‘पायरी चढणे’ म्हणू की दुसरं काही सुचतंय?