लहान मुलांसह एका दिवसाची सहल : आपले अनुभव लिहा

गेल्या आठवड्यात माळा आवरताना पितळेचा फिरकीचा तांब्या सापडला आणि तो हातात घेऊन मी बराच वेळ तशीच बसून राहिले. वडील गिरणीत कामाला होते. सुट्टीच्या दिवशी ते आम्हा तिघा भावंडांना पहाटेच्या एसटीने नळदुर्गला नाहीतर तुळजापूरला नेत आणि ऊन तापायच्या आत घरी आणत. तांब्यातले पाणी आधी धाकट्याला, मग आम्हा दोघींना आणि उरले तर त्यांना, हा क्रम कधी मोडला नाही. आज माझी मुलगी साडेचार वर्षांची व मुलगा दीड वर्षाचा आहे, दारात गाडी आहे, तरी रविवारी कुठे जावे हे ठरेपर्यंत दहा वाजतात. आणि मार्चनंतर सोलापुरात दहा वाजले की बाहेर पडण्यात अर्थ उरत नाही. मागच्या रविवारी अक्कलकोटहून येताना धाकट्याचे तोंड लालबुंद झाले होते, त्याची रुखरुख अजून आहे. आपण मुलांना कुठे नेता, किती वाजता निघता, सोबत काय घेता, ते कृपया सविस्तर लिहावे.

दोन मुलींचा बाबा

आम्ही पावणेसहाला निघतो आणि साडेदहाला परतीच्या रस्त्यावर असतो. मुलींना रात्रीच बाहेरचे कपडे घालून झोपवतो आणि पहाटे उचलून गाडीत ठेवतो. एका दिवसात एकच ठिकाण, हा नियम आम्ही दोन-तीन सहली रडारडीत गेल्यावर केला.

आमचे सर्वांत आवडते ठिकाण हत्तरसंग कुडल आहे. भीमा आणि सीना यांचा तिथे संगम होतो, सकाळी गर्दी नसते आणि देवळात गारवा असतो. थोरली नुकतीच अक्षरे शिकली होती, म्हणून तिला शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख दाखवायला नेले. अक्षरांची वळणे जुनी असल्याने तिला एकही ओळखता येईना, तेव्हा मी त्यातली ‘वाछि तो विजेया होईवा’ ही ओळ म्हणून दाखवली आणि जो वाचील तो विजयी होईल, असा अर्थ सांगितला. ती काही बोलली नाही. मात्र परतताना तिने रस्त्यावरचा प्रत्येक मैलाचा दगड मोठ्याने वाचला आणि दर वेळी ‘बाबा, जिंकले ना?’ असे विचारले. धाकटीच्या लक्षात मात्र घाटावरची शेळी तेवढी राहिली.

जुळे सोलापूरचे आजोबा

नातवाला मी हिवाळ्यात नान्नजला नेतो. माळढोक दिसेल असे मुलांना आधी सांगू नये, कारण आता तो पक्षी अगदी क्वचितच राहिला आहे आणि न दिसल्यास मूल हिरमुसते. आम्हाला काळविटांचा कळप दिसला. नरांचा काळा रंग आणि पिळाची शिंगे पाहून नातू पंधरा मिनिटे गप्प उभा राहिला, जे घरी कधीच घडत नाही. येताना ओळखीच्या शेतावर हुरडा खाल्ला. मुलांना हुरडा थोडाच आणि नीट चावून खायला द्यावा.

समुद्रकाठची सोलापूरकर

मी लग्नानंतर मुंबईला आले, तेव्हा सोलापूरच्या उन्हाची सवय असलेल्याला इथे काय त्रास होणार, असे वाटले होते. पण इथल्या दमट हवेत घाम वाळतच नाही, त्यामुळे पहिल्याच सहलीत मुलाचे अंग घामोळ्यांनी भरले. माहेरी आम्ही डोक्यावर ओला पंचा टाकतो, तो उपाय इथे फारसा चालत नाही. सैल सुती कपडे, कपड्यांचा दुसरा जोड आणि सावली यांवरच भिस्त ठेवावी लागते.

चौपाटीवर जायचे तर भरती-ओहोटी पाहणे आवश्यक आहे. शेजारच्या कोळी आजींनी मला तिथीची पाऊणपट करायला शिकवले : अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला ती बारा वाजायच्या आसपास येते, म्हणजे पहाटे सहाच्या सुमाराला ओहोटी असते आणि मुलांना खेळायला ओल्या वाळूचा लांबरुंद पट्टा मिळतो. आम्ही आता कालनिर्णय पाहूनच रविवार ठरवतो. राणीच्या बागेत रविवारी फार गर्दी असते आणि बुधवारी ती बंद असते, म्हणून तिथे शक्यतो इतर वारी रजा काढून जावे.

निवृत्त परिचारिका

ताई, धाकट्याचे तोंड लाल झाले होते म्हणून लिहिते. आपल्याकडच्या कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, मूल घामेजलेले दिसत नाही आणि त्याच्या अंगातले पाणी कमी होत आहे हे आपल्या लक्षात येत नाही. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पाजत राहावे. मूल मलूल झाले, रडताना डोळ्यांत पाणी आले नाही किंवा पाच-सहा तास लघवी झाली नाही, तर सहल तिथेच थांबवून डॉक्टरांकडे जावे. ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवावे. आणि ‘दोन मिनिटांत येते’ म्हणून मुलाला बंद गाडीत कधीही ठेवू नये, काच थोडी खाली केलेली असली तरी नाही.

होटगी रोड

विजयपूरला गोलघुमट पाहायला तीन वर्षांच्या मुलाला नेऊ नये, असे मी अनुभवाने सांगते. वरच्या सज्जात लोक ओरडतात, तो आवाज घुमून परत येतो आणि माझी मुलगी इतकी घाबरली की सगळे जिने तिला कडेवर घेऊन उतरावे लागले. सातव्या वर्षी तीच मुलगी भिंतीशी कुजबुजून पलीकडच्या भावाला हाक मारत होती.

दहीभात नेत असाल तर भातात दूध घालून वर चमचाभरच दही घाला, म्हणजे तो खायच्या वेळेपर्यंत आंबट होत नाही. धपाटी आणि शेंगाचटणी तर आहेतच.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. येत्या रविवारी पावणेसहाला कुडलला निघायचे ठरवले आहे आणि मुलीने आतापासूनच पाटीवर ‘वाछि’ लिहायला घेतले आहे. तांब्या चिंचेने घासून काढला, पण फिरकी नीट बसत नाही आणि पाणी झिरपते. असे झाकण दुरुस्त करणारे कारागीर सोलापुरात कुणाच्या माहितीत आहेत का?

जुळे सोलापूरचे आजोबा

आट्यांत जुनी घाण अडकली असेल, आधी गरम पाण्यात बुडवून ठेवून पाहा. आतून कल्हई आहे का, तेही तपासा. नसेल तर मुलांना त्यातले पाणी देण्याआधी ती करून घ्या.