ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), स्पीच थेरपी, शाळा सोडून नवऱ्याशी काही बोलणंच उरलं नाही

ओवी_नाशिक:
मुलगा सात वर्षांचा, ऑटिझम आहे. बोलत नाही, हवं ते हात धरून नेऊन दाखवतो. कुकरची शिट्टी सहन होत नाही त्याला, म्हणून वरण-भात पातेल्यातच शिजवते. पण त्याच्याबद्दल नाही, आज माझ्याबद्दल विचारायचंय.

तो रात्री दोनला उठून उड्या मारतो. खालच्या काकू एकदा वर येऊन बोलून गेल्या, तेव्हापासून गाद्या जमिनीवर अंथरून मी त्याच्यासोबत जागी बसते. नवरा सातपूरला कंपनीत आहे, शिफ्ट ड्यूटी, म्हणून त्याला उठवत नाही. आमच्यात भांडण नाही. असतं तर बरं वाटलं असतं. घरी आला की विचारतो, "आज ओटीला काय केलं?" मी सांगते. मग तो मोबाईल घेतो.

सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, पोटात असताना हिने नोकरीचं टेन्शन घेतलं म्हणून असं झालं. नवरा तिथेच बसलेला असतो, गप्प. त्यांच्या बोलण्यापेक्षा ते गप्प बसणं जास्त लागतं.

मैत्रिणींचा ग्रुप म्यूट केलाय, तिथे स्कॉलरशिपच्या निकालाचे फोटो येतात. हल्ली भाजी चिरताना मध्येच थांबते आणि पुढे काय करायचं होतं तेच आठवत नाही. हा नुसता थकवा आहे की डॉक्टरकडे जायला हवं? आणि नवऱ्याशी सुरुवात कुठून करू?

स्मिता७९:
अगं, देव खास मुलं खास आईच्याच पदरात घालतो. पॉझिटिव्ह रहा.

सांगलीची_आई:
स्मिता, राग मानू नकोस, पण ते 'खास आई' नको. खास आईलाही झोप हवीच असते.

ओवी, माझी लेक बावीसची आहे. आधी आठवड्यातल्या दोन रात्री नवऱ्याकडे दे, सेकंड शिफ्ट किंवा सुट्टी बघून. 'मदत कर' म्हणू नकोस, मदत म्हटलं की काम तुझंच राहतं. आमच्या ह्यांना मी रविवारची अख्खी सकाळ देऊन टाकली होती. अंघोळ, नाश्ता, केस, सगळं. तिला फ्रॉक उलटा घातलेला दिसला तरी तोंड बंद ठेवलं (फार जड गेलं!). आज लेक केस कापून घेते ती फक्त बाबांकडूनच.

कागदपत्रंही त्याच्या अंगावर टाक. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), निरामय विमा (अशा मुलांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही त्यात बसतो). लेक अठराची झाल्यावर कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकारी कचेरीत खेटे घालावे लागले. तिथल्या बाकावर नंबरची वाट बघताना आम्ही किती वर्षांनी तिच्याशिवाय दुसऱ्या कशावर तरी बोललो. विषय काय, तर कँटीनची भजी.

डोंबिवलीचा_बाबा:
नवऱ्याच्या बाजूने थोडं. ओटीबद्दल विचारणं हे टाळणंच असेल असं नाही. "तू कशी आहेस" विचारलं तर जे उत्तर येईल त्यावर त्याच्याकडे काही इलाज नसतो, म्हणून तो उत्तर माहीत असलेलाच प्रश्न विचारतो. आईसमोर गप्प बसणं मात्र चालणार नाही. मागायचंच असेल तर तेवढं एकच ठामपणे मागा.

मुक्ता_एमएसडब्ल्यू:
मी मानसोपचार ओपीडीत समुपदेशन करते. उदासी किंवा कशातच मन न लागणं दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं आणि झोप, भूक, लक्ष यांवर परिणाम झाला, की तपासून घ्यावं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ सुद्धा बघा. रात्रीच्या जागरणाने अर्ध्या गोष्टी होतात, पण ते घरबसल्या ठरवता येत नाही. मुलाच्या झोपेबद्दल त्याच्या डॉक्टरांशी वेगळं बोला, त्यावर उपाय असतात. जगणं नको वाटलं, तर मात्र त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

सासूबाईंचं म्हणणं नवीन नाही. अमेरिकेत एके काळी डॉक्टरच म्हणत, आई मायेने थंड म्हणून मूल असं झालं. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये पुस्तक लिहून ते खोडून काढलं. त्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. तुमच्या नोकरीने हे झालेलं नाही. हे वाक्य तुमच्या नवऱ्याने आईला सांगायला हवं, तुम्ही नाही.

ओवी_नाशिक:
सगळ्यांचे आभार. शनिवारची रात्र त्याची ठरली. आईशी बोलतो म्हणालाय, अजून बोललेला नाही, बघू. डॉक्टरकडे जाते म्हटलं तर बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "माझीही वेळ घे. कंपनीत मशीनवर हात थरथरतो हल्ली."

मुक्ताताई, नवरा-बायको दोघांनी एकाच डॉक्टरकडे गेलं तर चालतं का?