विषय: १८ ऑक्टोबरचा भोंडला आणि पाळी जाण्यावरची गोधडी

कार्यक्रम समिती

नमस्कार मंडळी,
२०२६ मध्ये जागतिक रजोनिवृत्ती दिन, म्हणजे १८ ऑक्टोबर, रविवारी आणि ऐन नवरात्रात येतोय. भोंडला त्याच दुपारी ठेवावा, आणि त्यासाठी गुजराती, सोमाली आणि पोलिश शेजारणींबरोबर एक सामायिक गोधडी शिवावी असा विचार आहे. पुढे ती इथल्या लायब्ररीत आणि जीपीच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या आपल्या फॅमिली डॉक्टरच्या, वेटिंग रूममध्ये लावता येईल. सोबत इंग्रजी पत्रकाचं मराठी करून, वर हातपंख्याचं चित्र टाकून पोस्टर छापायचं का? मतं कळवा.

उत्तर: आरोग्य गट

ताई, गोधडीला मनापासून हो, पंख्याला नको. पंखा म्हटलं की अंगातून वाफा येणं एवढंच डोळ्यांपुढे येतं. मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट लॉक यांनी १९८० च्या दशकात जपानमध्ये पाहणी केली तेव्हा तिथल्या बायका वाफांपेक्षा खांदे आखडल्याचं जास्त सांगत होत्या. आपल्याकडेही कितीतरी जणी आधी सांधे, अंगदुखी, उडालेली झोप, धडधड यांबद्दलच बोलतात. त्यांना पंखा दिसला की "हे आपलं नव्हे" म्हणून त्या पुढे जातील. तेव्हा प्रत्येक गटानं आपल्या बोलण्यातलं वाक्य आपल्या लिपीत शिवावं. भाषांतर नको. तुकड्याला क्रमांक द्यावा आणि शेजारी लावलेल्या कागदावर त्याचा अर्थ द्यावा.

चित्र बघून बाई थबकली, पण पुढे काय करायचं हे तिला कळलं नाही, तर सगळी मेहनत वाया. म्हणून गोधडीखाली खिशात मावेल असं कार्ड हवंच. त्यावर एवढंच:

सलग १२ महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली. त्रास मात्र त्याआधी काही वर्षं सुरू होऊ शकतो. (ब्रिटनमध्ये सरासरी वय ५१, भारतीय बायकांमध्ये ४६-४७ च्या आसपास. म्हणून आमंत्रणात "पन्नाशीच्या मैत्रिणींनो" नको, चाळिशीपासून बोलवा.) वय ४५ च्या पुढे असेल तर निदानासाठी सहसा लक्षणं पुरतात, हार्मोनची रक्ततपासणी लागत नाही. चाळिशीच्या आत पाळी थांबली तर मात्र तपासण्या हव्यातच. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अगदी डाग पडला तरी, लगेच जीपीकडे जायचं. योनीचा कोरडेपणा, वारंवार होणारी लघवीची जळजळ यांवर उपचार आहेत, ते मागायचे. दुभाषी मोफत मिळतो, वेळ ठरवतानाच सांगायचं. मुलाला किंवा नवऱ्याला दुभाषी म्हणून नेलं की नेमकी हीच दोन लक्षणं सांगायची राहतात. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२३ पासून एचआरटीसाठी (पाळी जाताना कमी होणारे हार्मोन औषधानं देण्याचा उपचार) वेगळं वार्षिक प्रमाणपत्र मिळतं. दोन प्रिस्क्रिप्शनच्या शुल्कात वर्षभराची एचआरटीची यादीतली औषधं येतात.

एचआरटी घ्या किंवा घेऊ नका, असं कार्डावर कुठंही लिहू नका. ते प्रत्येकीच्या तब्येतीवर ठरतं.

उत्तर: गोधडी गट

मापं अशी. उभे ६, आडवे ५, एकूण ३० तुकडे. शिवून झाल्यावर प्रत्येक ३० सेंटिमीटर, म्हणून कापताना ३३. गोधडी १५० बाय १८० ची होते. अस्तराला सहावारी सुती साडीचे १.९ मीटरचे दोन तुकडे जोडले की पुरतात. मधे एकच जुनी पातळ चादर. जाड भरण घातलं तर सुई जात नाही आणि टांगल्यावर पोट सुटतं.

कापड फक्त सुती, आणि कापण्याआधी धुतलेलं. नवं आणि जुनं शेजारी आलं तर पहिल्या धुण्यातच नवं आटून गोधडी चुरमडते. लाल आणि काळ्या कापडावर ओला पांढरा रुमाल दाबून बघा, रंग लागला तर तो तुकडा बाद.

अक्षरं साखळी टाक्यानं, किमान ३ सेंटिमीटर उंच, नाहीतर दोन मीटरवरून वाचता येत नाहीत. देवनागरीत आधी शिरोरेषा घाला, मग अक्षरं लटकवा, म्हणजे ओळ वर-खाली होत नाही. तुकड्याच्या चारी कडांना ३ सेंटिमीटर मोकळं सोडा. वेलांट्या आणि उकार शिवणीत जातात तेव्हा वाक्याचा अर्थच बदलतो. खुणा खडूनं करा, पेनची शाई धुण्यात पसरते.

तिन्ही थर मधून कडेकडे कच्च्या टाक्यानं धरा, दर १० सेंटिमीटरवर. कडेपासून आत आलात तर मधे झोळ साठतो आणि मग उसवण्यावाचून इलाज नाही. त्यानंतर धावदोरा, दोन ओळींत २ सेंटिमीटर. टांगायला मागे वरच्या कडेला १० सेंटिमीटर रुंद नेफा. चिमट्यांनी टांगू नका, वजनानं कड वेडीवाकडी होते. लायब्ररीत आग-सुरक्षेचे नियम आधी विचारून घ्या.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. तुकड्यावर नाव नको, आद्याक्षरंही नकोत. पण आपल्या माणसांत साडीवरूनही बाई ओळखली जाते. साड्या सगळ्यांनी एका ढिगात टाका आणि दुसरीच्या साडीवर शिवा.

उत्तर: एक सभासद

पुरुषांनी यायचं की नाही? शिवायला हात हवे असतील तर आम्ही तिघे-चौघे तयार आहोत.

उत्तर: भोंडला गट

काका, शिवायला जरूर या. खिरापतीचा खेळ मात्र फक्त बायकांचा.

खेळ असा. झाकलेल्या डब्यात खिरापतीबरोबर एक चिठ्ठी, तीवर एक लक्षण. "गोड की तिखट?" विचारतो तसं "रात्री की दिवसा?", "हाडांत की डोक्यात?" असं विचारत ओळखायचं. उत्तर एका शब्दातच. ओळखलं की त्या लक्षणाचं कार्ड मोठ्यानं वाचायचं. सहा डबे पुरे, पुढे लक्ष उडतं. नियम एकच आणि तो आधी दोनदा सांगायचा: प्रश्न चिठ्ठीला, बाईला नाही. "तुला होतं का गं?" निघालं की निम्म्या जणी गप्प होतात.

गाणं नवं रचतोय, एकीनं मागायचं आणि दुसरीनं लांबणीवर टाकायचं:

रात्र रात्र डोळा लागेना गं, डॉक्टरकडं जाऊ का?
लेकीची परीक्षा होऊ दे गं, मग सावकाश जाऊ या!

चार कडवी, शेवटी सगळं रिंगण मिळून लांबणीवर टाकणारीला अडवतं. हत्तीचा पाट मधे नेहमीसारखाच. शेजारणींना एक कडवं त्यांच्या भाषेत घालू द्या. ठेका टाळ्यांचा आहे, जमतं.

उत्तर: कार्यक्रम समिती

पंखा रद्द, पोस्टरऐवजी कार्ड. एक भर: हॉलच्या दाराशी पोस्टकार्डांचं टेबल. एनएचएस हेल्थ चेकमध्ये (सरकारी आरोग्यसेवेच्या मोफत तपासणीत) पाळी जाण्याबद्दलचे प्रश्न येणार, असं सरकारनं ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं. ४० ते ७४ वयासाठीची ही तपासणी स्थानिक कौन्सिल चालवते. म्हणून पोस्टकार्ड कौन्सिलच्या सार्वजनिक आरोग्य विभागाला, प्रश्न एकच: हे प्रश्न आमच्या भाषांत, दुभाष्यासह विचारणार का, आणि कधीपासून? छापील मजकूर देऊ नका. हातानं लिहिलेली दोन ओळींची तीस कार्डं एकसारख्या तीनशेंपेक्षा जास्त वाचली जातात.

सुती साड्या ऑगस्टअखेर हॉलवर आणून द्या, धुऊन.