'टेक्स्चर'ला दरवेळी 'पोत'च म्हणायचं का?

भाषांतरवेडा: कापड, माती, खाणं, भिंतीचा रंग, सगळीकडे टेक्स्चर. एकच शब्द चालेल? आणि 'शेणखताने जमिनीचा पोत सुधारतो' हे वाक्य बरोबर आहे का?

काळीमाती: दुसऱ्याचं आधी. सर्रास म्हणतात, पण काटेकोरपणे चूक. मातीचा पोत म्हणजे वाळू (२ ते ०.०५ मिमी), पोयटा (०.०५ ते ०.००२ मिमी) आणि त्याहून बारीक चिकणमाती यांचं प्रमाण. शेणखताने ते बदलत नाही. बदलते कणांची रचना, म्हणून रान भुसभुशीत होतं.
पाहायचं असेल तर बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चमचाभर भांड्यांचा साबण घालून पाच मिनिटं जोरात हलवा. वाळू मिनिटभरात बसते, पोयटा साधारण दोन तासांत, चिकणमातीला निदान एक दिवस. ढेकळं आधी फोडा, नाहीतर ती वाळूबरोबरच तळाशी जातात आणि वाळू उगाच जास्त दिसते.

रवाळतूप: खाण्यात 'पोत' नको हो, केक वाचताना साडी आठवते! तिथे विशेषणं वापरा: शंकरपाळी खुसखुशीत, भेंडी गिळगिळीत. तूप सावकाश निवलं की रवाळ, गरम असतानाच फ्रीजमध्ये ठेवलं तर गुळगुळीत.

भाषांतरवेडा: आणि भिंत?

काळीमाती: रंगारीही टेक्स्चरच म्हणतात, तेच ठेवा. कापडाला मात्र पोतच. धाग्याची जाडी आणि विणीची दाटी दोन्ही त्यात येतात.